छापलेलं आणि मोजलेलं

लोहाऱ्याच्या शाळेत रुजू झालो आणि वरची खोली भाड्यानं मागायला गेलो तेव्हा महेबूबचाचांनी मला जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, डिपॉझिटचं तर नावही काढलं नाही. अंगणातल्या बाजेवर बसून त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि विचारलं, "सर, तुमचं लोड किती?"

मी म्हटलं, "आम्ही नवरा-बायको दोघंच."

"ते कळलं. फ्रिज किती खातोय? इस्त्री? मिक्सर?"

मी आपला अंदाजानं आकडे सांगायला लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "नका सांगू. सामान येऊ द्या, म्या मोजतो."

आणि खरंच मोजलं. टेम्पो दारात लागला त्या दिवशी चाचा जिन्याच्या तळाशी स्टूल टाकून बसले होते. आमच्या घरातली विजेवर चालणारी एकही वस्तू त्यांच्यासमोर हजेरी दिल्याशिवाय वर गेली नाही. मिक्सरवर पाचशे वॅट छापलेलं होतं, तो पावणेतीनशेच्या वर जाईना. चाचांनी त्याच्याकडं असं बघितलं की माझी बायको सुनंदा ओशाळली. तिच्या माहेरचा मिक्सर होता तो. "छापलेलं खोटं, मोजलेलं खरं," चाचा म्हणाले आणि मिक्सर वर जाऊ दिला.

महेबूबचाचांनी चाळीस वर्षं विहिरीवरच्या मोटारी भरल्या. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी झालेली तार काढायची आणि नवी गुंडाळायची. डोळे अधू झाले तसं दुकान बंद केलं, पण टाँगटेस्टर सुटला नाही. टाँगटेस्टर म्हणजे चिमट्यासारखा जबडा असलेलं मीटर. वायरभोवती जबडा मिटवला की वायर न कापता आत किती करंट चाललाय ते दिसतं. रेक्झिनच्या पिशवीत घातलेलं ते मीटर चाचांच्या खांद्याला सदा लटकलेलं. शुक्रवारच्या नमाजला जाताना मात्र घरी ठेवत, कारण तिथं गेलं की लक्ष मशिदीच्या पंख्यांकडं जातं, असं ते स्वतःच सांगत.

त्यांच्यापाशी एक हिरवा लाकडी बोर्डही होता. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट आणि मधेच एक वायर वेगळी काढून तिचं वेटोळं बाहेर ठेवलेलं. या वेटोळ्याला ते 'कान' म्हणत. मोजायचं तर हा कान चिमट्यात धरायचा. अख्खी केबल धरायची नाही.

एकदा गल्लीत एक नवखा वायरमन अख्ख्या केबलभोवती चिमटा लावून बसला होता आणि आकडा शून्य आला म्हणून मीटरला चापट्या मारत होता. चाचा रस्ता ओलांडून गेले. "आरं, जाणारी अन् येणारी एका जागी धरल्यावर शून्यच दाखवणार की. एकमेकाला खाऊन टाकतात त्या. एक सोडव, मग बघ." तो पोरगा बरोबर मोजेपर्यंत चाचा हलले नाहीत. पुढं आठवडाभर ते येईल-जाईल त्याला ही गोष्ट सांगत होते. त्यांच्या लेखी दोन्ही वायरी एकदम धरणारा माणूस आणि मीठ समजून साखर घालणारा आचारी एकाच लायकीचे.

माणसांनाही ते हेच माप लावत. एका मोठ्या आवाजाच्या पुढाऱ्याबद्दल म्हणाले, "सुरुवातीची उचल लई. मोटार चालू झाली तवा गावातले दिवे मंद झाले. आता नुसती घुमायलीय, पाणी कुठंय?" माझ्याबद्दल काय मत आहे असं मी एकदा हौसेनं विचारलं. "सर, तुमचं टीव्हीसारखं हाय. बंद दिसताय, पण आत लाल दिवा चालू हाय." ही स्तुती की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरदेवाकडच्यांनी दहा हजार वॅटचा डीजे आणल्याची गावभर शेखी मिरवली होती. चाचांनी अक्षता टाकल्या, जेवायला बसण्याआधी जनरेटरपाशी गेले, चिमटा लावला आणि परत येऊन पंगतीत जाहीर केलं, "अठराशे." डीजेवाला पंगतीपर्यंत भांडायला आला. नवरीकडच्यांनी चाचांना आग्रह करकरून जिलेबी वाढली.

अशा माणसाच्या डोक्यावर मी गेमिंग कॉम्प्युटर आणून ठेवला.

शाळेच्या ऑनलाइन कामाला लागतो, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे मला गेम खेळायचा नाद. वय अडतीस, दोन्ही कानांवर केस पांढरे आणि घरी येऊन मी युरोपातल्या रस्त्यांवर मालट्रक चालवायचो. कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड जुनं झालं होतं. ट्रक धुरकट दिसायचा, पाऊस आला की चित्र अडखळायचं. नवं कार्ड घ्यायचं ठरवलं आणि तिथंच अडलो. कार्डाच्या खोक्यावर लिहिलेलं, किमान साडेसातशे वॅटचा पॉवर सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, हवा. माझा साडेपाचशेचा. एक वेबसाइट साडेसहाशे म्हणे, दुसरी आठशे म्हणे. सोलापूरच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, रिस्क कशाला, साडेआठशेचाच घ्या ना." छोटा ठेवला आणि सगळंच जळालं तर बायकोला काय सांगू, ही माझी खरी चिंता होती.

चाचांना हे सांगितलं ही माझी चूक म्हणायची की पुण्य, कुणास ठाऊक. त्यांचे डोळे चमकले. "ह्या डब्यावर साडेपाचशे लिवलंय म्हणजे त्यो साडेपाचशे खातोय असं वाटलं का तुमाला? माझ्या घागरीत पंधरा लिटर मावतंय, म्हणून म्या रोज पंधरा लिटर पितो का? कशाला कुणाला विचारताय? मोजू."

दुसऱ्या दिवशी मगरिबची, सूर्यास्ताची नमाज झाली तसे चाचा हिरवा बोर्ड काखेत मारून जिना चढून आले. आधी भिंतीतला व्होल्ट मोजला. आमच्याकडं संध्याकाळी दोनशे तीस व्होल्ट आला तर लोक दचकतील, दोनशे होता. मग कॉम्प्युटर नुसता चालू ठेवून करंट मोजला, व्होल्टनं गुणला, साठ वॅट. "आता कामाला लावा," म्हणाले. मी ट्रक काढला. आकडा चढत चढत दोनशे वीसवर आला. चाचांनी हिशोब मांडला. जुनं कार्ड जोरात असताना एकशेदहा खातं ते वजा, नवं एकशेनव्वद खाईल ते मिळवा. "तीनशेच्या आसपास. तुमचा डबा पुरून उरतोय."

"मग मागवू का कार्ड?"

"थांबा. तीनदा मोजल्याबिगर म्या आकडा देत न्हाय. अन् ह्याचा झटका मोजायचा राहिलाय." मोटार सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, तसं हे कार्डही मधेच झटका देत असणार आणि डबा बंद पडतो तो त्या झटक्यानं, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं, मी नंतर वाचलं. "त्यो डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन जातोय. बसून ऱ्हावं लागंल."

आणि चाचा बसून राहिले. जूनमध्ये बसले ते दिवाळीपर्यंत.

रोज मगरिबनंतर जिन्यावर त्यांच्या चपला वाजायच्या आणि रात्रीच्या नमाजची, इशाची अजान झाली की ते उठायचे. सुनंदा तीन कप चहा टाकायची. मी ट्रक हाकायचो. चाचा कान चिमट्यात धरून शेजारच्या खुर्चीवर बसायचे, अर्धा डोळा मीटरवर, दीड डोळा पडद्यावर. एकदा त्यांना वाटलं, भरलेला ट्रक जास्त करंट खात असेल. मग वीस टन माल भरून मोजलं, रिकामा करून मोजलं. आकडा तोच. ते फार नाराज झाले. "मंग ही गाडी खोटी हाय, सर." पण एके दिवशी गेममध्ये पाऊस लागला आणि आकडा पंधरा वॅटनं वर गेला, तेव्हा त्यांची कळी खुलली. "बघा, पावसात जोर लागायलाय गाडीला." पाऊस काढायला कार्डाला जास्त काम पडतं हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी बंदुकीचा गेम लावला की मात्र ते अस्वस्थ व्हायचे. आकडा त्यात जास्त यायचा, झटकाही त्यातच सापडला असता. पण चाचा म्हणायचे, "ह्यात लोड हाय, बघण्यासारखं काय न्हाय. गाडी काढा."

गाडी काढली की सूचना सुरू. "घाट उतरताना ब्रेकवर पाय ठिवून बसू नका, गिअर खाली घ्या." "लई सरळ रस्ता असला की झोप येती, खिडकी उघडा." ज्या माणसानं आयुष्यात लुना सोडून काही चालवलं नाही त्याला हे कुठून कळतं, असं मला वाटायचं. "अझहर सांगायचा," ते म्हणायचे. अझहर त्यांचा एकुलता मुलगा. सौदीत ट्रेलर चालवतो. सहा वर्षांत घरी आलेला नाही. आम्ही खोली घेतली त्याच्या वर्षभर आधी चाची गेल्या, तेव्हाही त्याला मातीला येता आलं नव्हतं. एवढं मला माहीत होतं. माहीत असून मी त्यापुढं काही जोडलं नाही. मुलांना 'विचार करा' म्हणून रोज ओरडणारा मी, माझी ही गत.

मला फक्त कार्ड हवं होतं. दर आठवड्याला विचारायचो, "चाचा, झाला का आकडा?" आणि दर आठवड्याला उत्तर यायचं, "झटका घावला न्हाय अजून." चार महिन्यांत मी कंटाळलो. शाळेतून दमून यावं तर रोज पाहुणा, रोज तोच ट्रक. दिवाळीच्या सुट्टीत मी ऑनलाइन एक छोटं मीटर मागवलं. भिंतीत लावायचं, त्यात कॉम्प्युटरची पिन घालायची, वॅटचा आकडा आपोआप समोर. वर सगळ्यात मोठा झटका कितीचा होता ते लक्षात ठेवणारं बटण.

सुनंदा म्हणाली, "कशाला मागवलं? येऊ देत की त्यांना."

त्या संध्याकाळी मी ते मीटर चाचांना अभिमानानं दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ते उलटंसुलटं पाहिलं. मग मीटर भिंतीत, त्याच्यापुढं हिरवा बोर्ड, बोर्डाच्या कानाला चिमटा, असं दोन्हींनी एकदम मोजलं. दोन वॅटचा फरक. मी बंदुकीचा गेम लावला, पाच मिनिटांनी बटण दाबलं. झटका, दोनशे बासष्ट.

चाचा बराच वेळ त्या आकड्याकडं बघत होते. "बरोबर हाय," म्हणाले. पुढं म्हणाले, "नव्या कार्डाचा झटका धरला तरी चारशेच्या आत. मागवा कार्ड. डबा बदलू नका."

आणि मी म्हणालो, "बरं झालं चाचा, आता तुम्हाला रोज जिना चढायचा त्रास नको."

हे मी त्यांच्या गुडघ्यांची काळजी म्हणून बोललो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तसं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं आणि ते माझ्या आवाजात आलं असणार. जो माणूस डीजेचा खोटेपणा चिमट्यात पकडतो, त्याला ते ऐकू आलंच असेल. त्यांनी टाँगटेस्टर पिशवीत घातला, बोर्डाची वायर गुंडाळली. अजान व्हायला अजून अर्धा तास होता.

"चहा?" सुनंदानं विचारलं.

"काम झालं की, बेटा," म्हणाले आणि कठडा धरून खाली गेले.

नवं कार्ड आलं. जुन्याच डब्यावर लोण्यासारखं चाललं. आकडा आला तीनशे सहा. मी कठड्यावरून ओरडलो, "चाचा, तीनशे सहा!" ते अंगणात तुळतुळीत झाडून घेतलेल्या जागेवर पुन्हा झाडू मारत होते. "म्या म्हनलं व्हतं की," एवढं बोलून आत गेले. वर या, पाऊस बघा कसा दिसतो, काचेवरचा थेंब न् थेंब मोजता येईल, असं मी दोन-तीनदा म्हटलं. प्रत्येकदा एकच उत्तर, "आकडा घावला. आता काय बघायचं?" पासष्टीचा माणूस पोरांसारखा गेम बघायला येणार नव्हता. काम असेल तरच येणार होता. आणि काम मी संपवलं होतं. सुनंदा कित्येक दिवस सवयीनं तिसरा कप टाकायची आणि मग आम्ही दोघं तो अर्धा अर्धा प्यायचो.

सात महिने गेले. मे महिन्यात माझी भूमला बदली झाली. ऑर्डर हातात पडली त्याच दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सर, म्या अझहर बोलतोय, सौदीतनं, दमामवरनं. अब्बांनी तुमचा नंबर दिला व्हता. अब्बाचा फोन लागंना झालाय. बरे हायत ना?"

चाचा अंगणात कडुलिंबाखाली झोपले होते, फोन आत कुठं तरी चार्जिंगविना पडला असणार. मी तसं सांगितलं. त्यानं हुश्श केलं. मग जरा अडखळत विचारलं, "सर, तुमी गाडी चालवायचं सोडलं का?"

"कुठली गाडी?"

"कॉम्प्युटरवरची. अब्बा सांगायचे ना रोज. इशा झाली की फोन यायचा त्यांचा. आज आमी वीस टन कागद उतरवला, आज घाटात पाऊस लागला, सरांनी गिअर उशिरा टाकला. तू बी असंच करतोस का, तुज्याकडं रस्ता कसा हाय, झोप आली तर कुठं थांबतोस. अर्धा-अर्धा तास, सर. अम्मीच्या मातीला मला यायला जमलं न्हाय. तवापासनं अब्बा बोलतच नव्हते माज्याशी. जेवलास का, व्हय. बरा हायस का, व्हय. फोन बंद. तुमची गाडी आली अन् बोलायला लागले. मागच्या दिवाळीपासनं पुन्हा जेवलास का, व्हय, एवढंच ऱ्हायलंय. म्या काय चुकलो का, सर?"

मी त्याला म्हटलं, तू काही चुकला नाहीस. चुकलं कोण, ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

त्या संध्याकाळी मगरिबनंतर मी खाली गेलो. "चाचा, माझं मीटर चुकीचं दाखवायलंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कितीनं?"

मी पाठ करून आलो नव्हतो. "चाळीस... पन्नासनं."

"मीटर खोटं बोलत न्हाय, सर," चाचा म्हणाले. पण उठले. खुंटीवरची पिशवी घेतली.

ते वर आले तेव्हा माझ्या लक्षात आलं, हिरवा बोर्ड त्यांनी आणलाच नव्हता. ते खुर्चीवर बसले, खाली वाकले आणि कॉम्प्युटरच्या अख्ख्या जाड केबलभोवती चिमटा मिटवला. जाणारी आणि येणारी, दोन्ही एकदम. मीटरवर आकडा आला शून्य, पुढं टिंब, पुढं आणखी दोन शून्यं. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"आकडा बसू द्या," म्हणाले. "तुमी गाडी काढा."

भूमला रुजू व्हायला नऊ दिवस होते. नऊ संध्याकाळी चाचा आले आणि नऊही संध्याकाळी मीटरवर शून्य होतं. इशानंतर खालून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू यायचा. सात महिन्यांच्या दोनशेवर संध्याकाळी मी त्या बापलेकांच्या घालवल्या. त्याबद्दल मला वाईट वाटतं आणि ते कमी होत नाही. भूमला आल्यावर मी म्हटलं, चाचा, व्हिडिओ कॉल लावतो, पडद्यासमोर फोन ठेवतो, बघत बसा. म्हणाले, "फोनवरनं लोड मोजता येत न्हाय, सर."

शेवटच्या संध्याकाळचं तेवढं सांगतो. ट्रकमध्ये माल होता, बंदर अजून चाळीस किलोमीटर लांब आणि इशाची अजान झाली. चाचा एरवी पहिल्या आवाजाला उठायचे. त्या दिवशी उठले नाहीत. "माल उतरवून जातो. नमाज घरी पढीन." मी कधी नाही इतका हळू ट्रक चालवला. बंदर आलं, माल उतरला, पडद्यावर दिवे लागले. चाचांनी केबलभोवतीचा चिमटा सोडवण्याआधी मीटर डोळ्यांजवळ नेलं, चष्मा वर करून त्या शून्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर हाय."